उलटा हात, ओला टॉवेल

लग्नाच्या मांडवात, दवाखान्याच्या बाकावर, कुणाच्या वास्तुशांतीला, कुठंही गेलो तरी माझा उजवा हात आपसूक भिंतीकडे जातो. तळवा नाही, हाताची पाठ. बोटांच्या मागची कातडी भिंतीला टेकवायची, दोन श्वास थांबायचं आणि पुढं सरकायचं. मुलीच्या सोयरिकीला गेलो होतो तेव्हा व्याह्यांच्या दिवाणखान्यातही मी हेच केलं. बायको परतताना म्हणाली, "पोरगी द्यायला गेला होता का भिंतीचा ताप बघायला?"

तिचं खरं आहे. तीस वर्षं अग्निशामक दलात काढली. फायरमन म्हणून लागलो, स्टेशन ऑफिसर होऊन घरी बसलो. बंद खोलीच्या आत काय चाललंय हे दार उघडायच्या आधी कळावं लागतं, उघडल्यावर कळून उपयोग नसतो. तळवा लावायचा नाही, कारण भिंतीत वीज उतरली असेल तर मूठ आवळते आणि माणूस तिथंच चिकटतो. शिवाय तळवा कामानं निबर झालेला असतो, त्याला ऊब उशिरा कळते. हाताच्या पाठीची कातडी पातळ, ती लवकर चहाडी करते.

हे मला ट्रेनिंगमध्ये शिकवलं, पण त्याच्या कितीतरी आधी आबानं, म्हणजे माझ्या वडलांनी शिकवलं होतं. आम्ही सांगोल्याकडचे मेंढपाळ. आमच्या माळावर चारा संपला की मेंढरं घेऊन माळशिरस, अकलूजच्या ऊसपट्ट्यात उतरायचं. तोडणी झालेल्या रानात मेंढरं बसवायची; रानाला खत, आम्हाला धान्य. अशा रानात पायाखाली सगळं वाळलेलं पाचट. एक ठिणगी उडाली तर शेजारचा उभा ऊस गेलाच म्हणून समजा. म्हणून सकाळी तळ हलवायच्या आधी आबा तीन दगडांच्या चुलीपाशी बसायचा आणि राखेवर उलटा हात धरायचा. "आत आर असला तर हाताला कळतंय," म्हणायचा. आर म्हणजे निखारा. एवढं झाल्यावर तो आणखी एक गोष्ट करायचा. ती मात्र मी विसरून गेलो होतो, आणि त्या विसरण्यापायीच हे लिहायला बसलोय.

संपादकांचा आग्रह होता की एखाद्या मोठ्या आगीवर लिहा. मोठ्या आगी पाहिल्या मी. पण खरं सांगतो, मोठ्या आगीची भीती वाटत नाही. ती समोर असते, तिच्याकडे तोंड करून उभं राहता येतं. ज्या आगीनं माझी झोप घालवली तिला ज्वाळ नव्हती, धूरही नावापुरताच होता. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या एका गॅरेजच्या भिंतीत ती कित्येक दिवस बसून होती, आणि त्या भिंतीला मी माझा हा शहाणा हात लावून आलो होतो.

आधी गॅरेजबद्दल थोडं सांगतो. घरात आपण गॅसची शेगडी किती जपून वापरतो. पण भिंतीपलीकडे उभ्या असलेल्या गाडीत पेट्रोल असतं, बॅटरी असते, आता तर चार्जिंगला लावलेली स्कूटर असते, आणि त्या भिंतीला डोकं टेकवून आपण झोपतो. नियमांचं पुस्तक वाचायला रुक्ष असतं, पण या बाबतीत ते शहाण्या माणसासारखं बोलतं. गाडी आणि माणूस यांच्या मधली भिंत विटांची हवी, दोन्ही बाजूंनी सिमेंटचा गिलावा हवा, आणि ती थेट वर स्लॅबला भिडलेली हवी. पाइपासाठी, वायरीसाठी भोक पाडलं असेल तर ते बुजवायचं. मधलं दार भरीव आणि आपोआप लागणारं असावं. पेट्रोलची वाफ जड असते, जमिनीवरून सरपटत येते, म्हणून प्लगपॉइंट खाली घ्यायचे नाहीत. आणि भिंत सजवायचीच असेल तर जळणाऱ्या वस्तूनं सजवायची नाही. प्लायवूड, थर्माकोल, प्लॅस्टिकचं पॅनल काही नको. त्यातही भिंत आणि पॅनल यांच्यामध्ये पोकळी राहिली, तर आपण आपल्या हातानं आगीला जिना बांधून दिला असं समजावं.

लोकांना हे सांगितलं की चेहरे पडतात. "साहेब, भिंत बोडकी दिसते." एका भजनी मंडळाच्या अध्यक्षांनी गॅरेजमध्ये तालमीची खोली केली होती आणि पखवाजाचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून चारी भिंतींना अंड्यांचे रिकामे ट्रे चिकटवले होते. स्वतः माळकरी, अंडं वर्ज्य, आणि अख्खी खोली अंड्यांच्या ट्रेची. मी म्हटलं, अध्यक्ष, याला काडी लागली तर विठ्ठलाचं नाव पुरतं घ्यायला वेळ मिळायचा नाही. ते रागावले, पण पुढच्या आठवड्यात ट्रे निघाले.

सगळीकडे असं हसून भागत नाही. जुळे सोलापुरात एका बंगल्याच्या गॅरेजमध्ये गाडीची वायरिंग जळाली. भिंत भक्कम होती, आम्हीही वेळेत पोचलो, घराला धक्का नाही. पण एसीच्या पाइपासाठी पाडलेलं मूठभर भोक कुणी बुजवलं नव्हतं. आत गेलो तर जेवणाच्या टेबलामागच्या पांढऱ्याशुभ्र भिंतीवर, त्या भोकाच्या भोवती, काजळीचा पंजा उमटला होता. पाच बोटं मोजून घ्यावीत असा. धुरानं बाहेर पडताना तो काढला होता, दुसरं काही नाही. तरी त्या घरातल्या बाई पुन्हा त्या टेबलावर जेवायला बसल्या नाहीत.

आता भवानी पेठेचं. अंबादास तिथला, विणकराच्या घरातला. एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर. आग विझवायच्या नळकांड्या कशा वापरायच्या हे शिकवायला मी त्यांच्या कारखान्यात गेलो होतो, तेव्हापासून ओळख. निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात त्याचा फोन आला.

"साहेब, एकदा घरी येऊन जावा की. गॅरेज केलंय नवीन. आणि नायनाचं पण जरा बघा." नायना म्हणजे तेलुगूत वडील.

"त्यांना काय झालं?"

"त्यांला भिंतीत माग ऐकू येतोय."

मी गेलो. ऐन मे महिना, दुपारचे दोन. घराच्या पुढच्या बाजूला पत्र्याची लांब शेड. पूर्वी तिथं आठ यंत्रमाग होते. एकेक करून ते भंगारात गेले, शेवटचा गेला तो म्हाताऱ्याचा स्वतःचा. आता तिथं अंबादासची गाडी उभी राहायची. शेडच्या मागच्या भिंतीला लागून म्हाताऱ्याची झोपायची खोली. त्या भिंतीला गॅरेजच्या बाजूनं नवेकोरे पांढरे पॅनल लावले होते, संगमरवरी छापाचे, प्लॅस्टिकचे. दिसायला झकास. मी नाक मुरडलं आणि हे काढून टाका म्हणून सांगितलं. अंबादास "बघू की साहेब, दिवाळीनंतर" म्हणाला. मी एवढ्यावर थांबलो.

पॅनलच्या मधोमध एक चौकोन कापून कोनाडा उघडा ठेवला होता. त्यात तेलाचा दिवा तेवत होता. सुताराला व्यंकटय्यांनी, म्हणजे त्या म्हाताऱ्यांनी, बजावून सांगितलं होतं की सगळं झाक पण हा कोनाडा झाकू नको. त्यांच्या बापानं माग बसवला तेव्हापासून या कोनाड्यात रोज सकाळी मागाचा दिवा लागत होता. खंडेनवमीला मागाची पूजाही इथंच. माग गेला, दिवा राहिला. आणखी एक गोष्ट त्यांनी सुताराला करू दिली नव्हती, ती मला नंतर कळली. भिंतीवर कित्येक वर्षांची कापसाची बारीक लव चिकटून बसली होती, बोटभर जाड. सुतार ती झाडून काढायला निघाला तेव्हा हे आडवे झाले. "ती लक्ष्मी हाय. तिच्यावर आमी जेवलो. राहू दे तिला." सुताराचं काय, त्याचे कष्ट वाचले. त्यानं लवेवरच लाकडी पट्ट्या ठोकल्या आणि वरून पॅनल बसवले.

व्यंकटय्या पॅनलपाशी स्टूल टाकून बसले होते. ऐंशीच्या घरातले, काटकुळे, पाठ मागाच्या बैठकीची, पुढं झुकलेली. मला पाहून त्यांनी फक्त हात वर केला, थांबा म्हणून.

"ऐका," म्हणाले.

मी ऐकलं. बराच वेळ काही नाही. मग एक बारीक आवाज. टक. पुन्हा शांत. पुन्हा टक.

"मग्गम," ते म्हणाले. मग माझ्यासाठी मराठीत, "माग चालू हाय. पण बिघडलाय. धोटा एकाच बाजूनं येतोय. परत जात न्हाई."

धोटा म्हणजे आडवं सूत घेऊन मागावर इकडून तिकडे पळणारी लाकडी नळी. जाताना एक आवाज, येताना एक. चाळीस-पन्नास वर्षं त्या आवाजात काढलेल्या माणसाला तो श्वासासारखा ओळखता येतो. माझ्या अंगावर काटा आला होता, हे आज कबूल करतो. त्या दिवशी केलं नाही. मी भिंतीपाशी गेलो, पॅनलला उलटा हात लावला. एकदा कोनाड्याच्या डाव्या अंगाला, एकदा उजव्या. गार. त्या उकाड्यात बरा वाटावा इतका गार. वास घेतला. जळक्या वातीचा वास येत होता, पण समोर दिवाच होता.

वर पाहिलं तर पत्रा. सोलापुरात पत्र्याखाली राहिलेल्या कुणालाही माहीत आहे, उन्हानं पत्रा तापला की बोलतो. टक, टक.

"काही नाही," मी म्हणालो. "पत्रा बोलतोय."

म्हाताऱ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं शाळेत चुकीचं उत्तर दिल्यावर मास्तर पाहतात. "साहेब, ह्या पत्र्याखाली जन्म गेला माझा. पत्रा वळखत न्हाई व्हय मी?"

निघताना दारात अंबादासची बायको पद्मा भेटली. ती घरी टॉवेलच्या कडांना शिलाई मारायचं काम करते. हातातला गठ्ठा छातीशी धरून हळू आवाजात म्हणाली, "साहेब, मला पण आला आवाज. परवा. हे कुणाला बोलले नाही मी."

घरात एकाला भास झाला की दुसऱ्याला होतोच, असं काहीतरी मी बोललो. आणि अंबादासला बाजूला घेऊन सांगितलं की वडलांना डॉक्टरला दाखव, वय झालंय, माग गेल्याचं दुःख कानात शिरलंय. माझ्या शब्दाला त्या घरात वजन होतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी म्हाताऱ्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली, दुपारच्या जेवणानंतर घ्यायची; आवाज दुपारीच यायचा, म्हणजे त्या वेळेला झोप लागेल.

तिसऱ्या दिवशी मी घरी जेवायला बसलो होतो. बायकोनं चपात्यांचा डबा पुढं सरकवला, तो गरम राहणारा, दुहेरी भिंतीचा. मी सवयीनं डब्याला उलटा हात टेकवला आणि म्हटलं, "गार झाल्या की गं."

"उघडून तर बघा," ती म्हणाली.

झाकण काढलं आणि वाफ तोंडावर आली. डबा बाहेरून गार होता. आत हात घालवत नव्हता.

त्या वाफेतच मला आबा दिसला. राखेवर उलटा हात धरून झाला की तो बाभळीची काटकी घ्यायचा आणि राखेत खोल खुपसायचा. मग काटकीचं टोक नाकाशी धरायचा. मी एकदा विचारलं होतं, हात धरलास की, मग आणखी काटकी कशाला? तेव्हा म्हणाला होता, "राख खोटं बोलती रं. वरनं गार लागती. आर आत निजलेला असतोय."

मी हात लावला होता, पण भिंतीला नव्हे. भिंतीवरच्या प्लॅस्टिकला, आणि त्याच्यामागच्या पोकळीला. तीस वर्षांत जो हात कधी खोटं बोलला नव्हता त्यानं राखेवर विश्वास ठेवला होता, आणि त्याच्या जोरावर मी "काही नाही" म्हणून मोकळा झालो होतो.

अंबादासला फोन लावला. कारखान्यात फोन आत नेऊ देत नाहीत, तो वाजून वाजून बंद झाला. पद्माचा नंबर माझ्याकडे नव्हता. शेजारच्या गल्लीत याकूबभाई राहतो, आमच्या स्टेशनचा जुना ड्रायव्हर, माझ्या आधी एक वर्ष निवृत्त झालेला. त्याच्या ओम्नीत बसलो तेव्हा मी नीट सांगूही शकलो नाही. त्यानं विचारलं, "आग लगी क्या?"

"माहीत नाही. मी हात लावून आलो होतो."

"और?"

"गार लागली."

याकूबभाईनं गाडी गल्लीबाहेर काढली. जरा वेळानं म्हणाला, "मेटकरी, तेरा हाथ बुढ्ढा हो गया रे." तो चेष्टा करत होता. मला ती त्या वेळी सोसली नाही.

पेठेत दुपारी सामसूम असते. घराचं पुढचं शटर अर्धं खाली होतं, गाडी अंबादास घेऊन गेलेला, शेड रिकामी. पद्मा शिवलेले टॉवेल पोचवायला गेली होती. आणि म्हाताऱ्यांच्या खोलीला बाहेरून कडी होती. ते झोपेतून उठून भिंतीशी जाऊन बसतात, पडतील बिडतील, म्हणून लावलेली. ही कडीसुद्धा माझ्याच शब्दानं लागली होती.

मी दाराला उलटा हात लावला. मग स्वतःच्याच हाताचा विश्वास वाटेना, म्हणून फटीला नाक लावलं. ओल्या गोधडीला धग लागल्यासारखा वास. कडी काढली. आत अंधार, पंखा चालू, आणि बाजेवर व्यंकटय्या उताणे. हाका मारल्या, हलवलं, ते उठेनात. तोंड किंचित उघडं. छाती हलते आहे की नाही हे कळायला मला खाली वाकावं लागलं. हलत होती. त्यांच्या उशाशी भिंतीवर स्विचबोर्ड होता आणि प्लगच्या भोकांतून दोऱ्याइतका बारीक धूर सरळ रेषेत बाहेर येत होता. पंख्याच्या वाऱ्यात तो मोडायचा आणि पुन्हा जुळायचा. भिंतीच्या आत बसून कुणी सूत सोडतंय असं वाटत होतं.

आम्ही बाजेसकट त्यांना उचललं आणि रस्त्यावर लिंबाच्या सावलीत आणून ठेवलं. स्टेशनला फोन करून पत्ता दिला. लिंबाखाली दोन शेजारणी जमल्या होत्या, त्यांना म्हाताऱ्यांच्या तोंडावर पाणी मारत राहा म्हणून सांगितलं, आणि आम्ही दोघं शेडमध्ये शिरलो.

दिवा तेवत होता. मी फुंकर मारून विझवला. मग ऐकलं.

टक. आता मध्ये थांबा नव्हता. टक, टक, टक. सगळे एकाच बाजूनं. मागच्या पोकळीतली उष्णता वाढत होती, पॅनल एकेका खिळ्यावरून सरकत होते आणि सरकताना बोलत होते. हे मला तेव्हा कळत होतं. तरी त्या रिकाम्या शेडमध्ये, फरशीवर अजून मागाच्या पायांचे खड्डे दिसत असताना, मान वळवून मागं पाहायचा धीर मला झाला नाही.

अशा वेळी आमच्याकडे एक साधी युक्ती असते. हात फसतो, पाणी फसत नाही. पद्माच्या शिवायच्या राहिलेल्या गठ्ठ्यातला एक टॉवेल हौदात बुडवला आणि सगळ्या पॅनलवरून फिरवला. भिंत ओली चकचकीत झाली. मग नुसतं पाहत उभं राहायचं, आधी कुठं वाळतंय ते. उन्हाळ्यात हे फार वेळ घेत नाही, पण ती दोन-तीन मिनिटं मला माझ्या नोकरीपेक्षा लांब वाटली. आधी कोनाड्याच्या खाली एक डाग सुकला, बशीएवढा. मग त्या डागातून एक पट्टा निघाला आणि आमच्या डोळ्यांदेखत वर चढत गेला, कोनाड्याच्या अंगानं, छताकडे. तिथं लाकडी तुळई होती. ती तुळई भिंतीतून आरपार पलीकडे, म्हाताऱ्यांच्या उशावर जात होती.

"या अल्ला," याकूबभाई म्हणाला आणि दोन पावलं मागं सरला. तीस वर्षांत त्याला मागं सरताना मी पाहिलं नव्हतं.

पॅनल उपटावासा वाटत होता. पण पाणी हातात असल्याशिवाय अशी भिंत उघडायची नसते. आत कोंडलेली आग हवेसाठी वखवखलेली असते. तुम्ही दार उघडता आणि ती तुमच्याच तोंडावर पहिला श्वास घेते. आमची गाडी येईपर्यंत आम्ही हौदातलं पाणी बादल्यांनी पॅनलवर मारत राहिलो. गाडी आली, पोरांनी होज भरून धरला, तेव्हा मी पहारीनं पहिला पॅनल ओढला.

भिंतीनं श्वास घेतला. तो आवाज मी ऐकला आहे. आत ज्वाळ नव्हती. लवेचा तो जुना करडा थर भिंतीभर पसरलेला आणि त्याच्यात लाल ठिपके, शेकडो, हळूहळू एका बाजूला सरकणारे. हवा लागली तसे ते सगळे एकदम उजळले. क्षणभर सगळी भिंत आमच्याकडे बघत होती. मग पाणी बसलं.

कोनाड्याच्या खाली, पॅनल कापलेल्या फटीमागे, काजळीचे गोळे आणि वातींची जळकी टोकं पडलेली सापडली. रोज दिवा सारखा करताना एखादं टोक फटीत घसरायचं. पंधरा-वीस विझून पडली असतील, एक विझलं नव्हतं. वरची तुळई जळत जळत पलीकडे गेली होती आणि म्हाताऱ्यांच्या खोलीचं प्लॅस्टिकचं छत तिच्यापासून वीतभर लांब राहिलं होतं. ते पेटलं असतं तर वितळून थेट बाजेवर पडलं असतं, आणि बाजेवरचा माणूस माझ्या सांगण्यावरून दिलेल्या गोळीनं झोपलेला होता.

व्यंकटय्या संध्याकाळी उन्हं उतरल्यावर नीट शुद्धीवर आले. तोवर अंबादास आला होता, पद्मा त्यांच्या पायाशी बसून रडत होती. मी त्यांच्यासमोर उकिडवा बसलो आणि सगळं सांगितलं. वायरिंगवर ढकलता आलं असतं, कुणी विचारणार नव्हतं. पण दिवा पुन्हा तिथंच लागू नये म्हणून खरं सांगणं भाग होतं. दिव्याचं सांगितलं, लवेचं सांगितलं, आणि माझ्या हाताचंही. माफी मागितली.

लवेचं ऐकून त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "साहेब, तुमी हात लावला. मी कान लावला." थांबून म्हणाले, "धोटा जाऊन परत आला न्हाई तर मागाला कायतरी झालेलं असतंय. मी इतके दिवस तेच सांगत होतो की."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

पॅनल गेले. भिंत खरवडून धुतली, सिमेंटचा गिलावा केला, तुळईचं भोक विटांनी बुजवलं, कोनाडाही बुजवला. दिवा अंगणात तुळशीपाशी आला. पद्मा सांगायची की म्हातारे रोज सकाळी दिवा लावून झाला की त्या बोडक्या भिंतीपाशी जाऊन उभे राहतात, कान लावतात आणि काही न बोलता परत येतात. मी अधूनमधून जात असे. आम्ही चहा घ्यायचो. त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही, मीही नाही. गेल्या थंडीत ते झोपेतच गेले, त्याच खोलीत, त्याच बाजेवर. गोळी त्या दिवसानंतर त्यांनी कधी घेतली नव्हती.

या चैत्रात अंबादासचा फोन आला. आवाज ओढलेला. "साहेब, येता का? ह्या वेळी मला ऐकू येतंय. पद्माला पण."

मी गेलो. दुपारच झाली होती. शेडमध्ये ती दोघं भिंतीपासून लांब उभी होती. गाडी त्यांनी बाहेर काढून ठेवली होती. भिंतीवर करडा सिमेंटचा गिलावा, दुसरं काही नाही. ना पोकळी, ना लव, ना दिवा. तरी मी सगळं रीतसर केलं. उलटा हात लावला, जमिनीपासून छतापर्यंत. स्विचबोर्ड उघडून आत पाहिलं, वास घेतला. शिडीवर चढून तुळईच्या जागी हातोडीनं ठोकून पाहिलं. टॉवेल भिजवून भिंतभर फिरवला आणि समोर उभा राहिलो. भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सारखी वाळली. कुठं डाग नाही, कुठं पट्टा नाही.

अंबादास माझ्या तोंडाकडे बघत होता. मागच्या वेळी याच जागी उभं राहून मी जे दोन शब्द बोललो होतो ते पुन्हा ऐकायला तो आतुर झाला होता. ते बोलून टाकले असते तर त्या दोघांना रात्री झोप लागली असती.

मी बोललो नाही. कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, व्यंकटय्या बसायचे तिथं ठेवलं, बसलो आणि भिंतीला कान लावला. गिलावा गार होता. वरचा पत्रा त्या दुपारी बोलत नव्हता, आभाळ भरून आलेलं होतं.

खूप वेळानं आवाज आला. टक. मी श्वास धरून थांबलो. मग दुसऱ्या टोकाकडून, तेवढ्याच अंतरानं, दुसरा. पुन्हा या टोकाकडून, पुन्हा त्या. एकसारखा, सावकाश, न चुकता.

या वेळी धोटा जाऊन परत येत होता.